दशमी की एकादशी?

मॅडम, नमस्कार. माझे मिस्टर जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वय सत्तेचाळीस. बीपीच्या गोळ्या मध्येच सोडून द्यायचे. पहाटे न्हाणीघरात कोसळले, मेंदूत रक्तस्राव झाला. आधी सांगलीला आणि तिथून पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. चौथ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला तपासून डॉक्टर म्हणाले, ब्रेन डेड वाटतायत, पण अजून एकदा तपासणार. सातच्या सुमारास एक मॅडम येऊन अवयवदानाचं बोलल्या. रात्री पावणेबाराला दुसरी तपासणी झाली. मी सही केली. सोबत दीर आणि मुलगा होते, सासूबाई गावी. बुधवारी दुपारी चारला त्यांना आत नेलं, रात्री दहाला बॉडी मिळाली. दाखल्यावर मंगळवारची तारीख आहे.

सासूबाई माळकरी आहेत. त्या म्हणतात, माझं पोर बुधवारी गेलं, एकादशीला. मंगळवारी दशमी होती. दीर म्हणतात, बुधवारी दुपारपर्यंत मी त्याचा हात धरून होतो, हात गरम होता, छाती हलत होती, मग मंगळवारी मेला कसा? एकदा तर म्हणाले, पितृपक्षात शस्त्राने मेलेल्यांची चतुर्दशी असते, त्याचं श्राद्ध त्या दिवशीच घालू. माझा भाचा ओटी टेक्निशियनचा कोर्स करतो. तो सहज बोलून गेला की या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ असतो. मेलेल्या माणसाला भूल कशाला? आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बुधवारी सकाळी मी त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा अंगठा हलला होता.

वर्षश्राद्धाला तिथी कोणती धरू? माझी चूक झाली का?

(नाव छापू नये, सांगली जिल्हा)

ताई,

अंगठ्यापासून सुरू करते, कारण तो तुम्ही वर्षभर एकटीने सांभाळलाय.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी आयसीयूच्या दाराबाहेर. तो अंगठा मी पाहिलाय. तव्याचा चटका बसला की हात मागे येतो, तो मेंदूला विचारायला थांबत नाही, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर हुकूम सोडतो. मेंदू गेला तरी रज्जूला रक्त मिळत असेल तर त्याचं हे काम चालू राहतं. तळव्याला हात लागला की अंगठा हलतो, एखाद्याचा गुडघा वाकतो. क्वचित दोन्ही हात उचलले जाऊन छातीवर येतात. डॉक्टरांनी या हालचालीला बायबलमधल्या लाझारसचं नाव दिलंय, जो मेलेल्यातून उठला. नाव ठेवताना जरा विचार करायला हवा होता असं मला नेहमी वाटत आलंय.

तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला खूण केली नव्हती. हे लिहिणं मला जड जातंय. ती खूण होती ही भीती आणि ती खूण असावी ही इच्छा, दोन्ही तुमच्या मनात वर्षभर शेजारी शेजारी बसलेल्या असणार.

आता दिरांचा गरम हात. दीर खोटं बोलत नाहीत. हात गरमच होता, छाती हलत होती, पिशवीत लघवीही जमत असेल. हृदयाला धडधडायला मेंदू लागत नाही, त्याचा स्वतःचा वीजपुरवठा असतो. प्राणवायू आणि रक्तदाब मिळत राहिला तर ते चालत राहतं. श्वासाचं तसं नाही. श्वासाचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या स्तंभातून येतो. तो स्तंभ संपला की छाती स्वतःहून एकदाही हलत नाही. बुधवारी दिरांनी जी छाती वरखाली होताना पाहिली, ती श्वास देणारं मशीन, म्हणजे व्हेंटिलेटर, हलवत होतं. हे कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन, खुर्चीवर बसवून, मराठीत सांगायला हवं होतं. बहुतेक सांगितलं नसावं. आयसीयूत सगळ्यांना सगळं सांगितलेलं असतं, पण उभ्या उभ्या, आणि पाच मिनिटांत.

तपासणीत काय करतात हेही तुम्हाला माहीत नसेल, कारण नातेवाइकांना बाहेर काढतात. (माझ्या मते एकाला तरी आत थांबू द्यावं. ज्यांनी पाहिलं त्यांना पुढे शंका कमी राहिल्या, हा माझा अनुभव.) आधी बेशुद्धीचं कारण नक्की लागतं, तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत ते स्कॅनवर दिसत होतं. झोपेच्या किंवा गुंगीच्या औषधाचा अंमल नाही, अंग गार पडलेलं नाही, रक्तातले क्षार आणि साखर फार बिघडलेली नाही, हे बघावं लागतं. मग डोळ्यांत बॅटरी मारून बाहुली आकसते का पाहतात. बुबुळाला कापसाचं टोक लावतात. कानात बर्फाचं पाणी सोडतात, जिवंत मेंदूस्तंभ असेल तर डोळे सरकतात. घशात नळी घालून ठसका येतो का बघतात. आणि सगळ्यात शेवटी व्हेंटिलेटर सोडवतात. नळीतून प्राणवायू चालू ठेवतात, पण हवा ढकलत नाहीत. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू लागतो. तुमच्याआमच्यात तो ४० च्या आसपास असतो, तिथे तो ६० पर्यंत जाऊ देतात. श्वास कोंडल्यावर जी घुसमट होते ती याच वायूमुळे, आणि तिच्यापुढे कुणाचंच चालत नाही. सगळे त्या छातीकडे बघत उभे असतात. मंगळवारी संध्याकाळी ती हलली नाही. सहा तास उलटल्यावर, पावणेबाराला, पुन्हा हलली नाही.

म्हणून दाखल्यावर मंगळवार आहे. दुसऱ्या वेळी श्वास आला नाही हे नक्की होतं, ती मृत्यूची वेळ धरतात. बुधवारी चारला ज्यांना आत नेलं, ते सोळा तासांपूर्वी गेलेले होते.

दिरांच्या फोनवर आता ‘ब्रेन डेड माणूस उठून बसला’ असे व्हिडिओ येत असतील. त्यांतले बरेच कोमाचे असतात. मेंदूला मोठी इजा होणं आणि ब्रेन डेड होणं यांतला फरक सांगायला मी आयसीयूबाहेर एकच नाव घ्यायची, अरुणा शानबाग, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स. १९७३ मध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि २०१५ मध्ये त्या गेल्या. बेचाळीस वर्षं त्या आपला श्वास आपण घेत होत्या. डोळे उघडायच्या, घास गिळायच्या. त्यांचा मेंदू फार मोठ्या प्रमाणात गेला होता, पण स्तंभ जिवंत होता. त्यांना कुठल्याही डॉक्टरने ब्रेन डेड म्हटलं नाही, म्हणताच आलं नसतं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली बातमीही फिरते, ऑपरेशनला नेलेला माणूस हालचाल करू लागल्याची. ती घटना खरी आहे आणि भयंकर आहे. पण तिथे त्या माणसाला ब्रेन डेड ठरवलेलंच नव्हतं. मशीन काढायचं, हृदय थांबायची वाट बघायची आणि मग अवयव घ्यायचे, असा तो दुसरा रस्ता आहे.

आता जरा अवघड भाग. तो टाळून तुम्हाला नुसता धीर दिला, तर उद्या दीर आणखी काही वाचून येतील आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल.

मेंदूच्या मृत्यूची ही व्याख्या फार जुनी नाही. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदयरोपण केलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, केईएममध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी केलं. आणि ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने सांगितलं की न परतणारी अशी बेशुद्धी हा मृत्यू मानावा. त्यांनी कारणं लपवली नाहीत. एक, अशा रुग्णांचा घरच्यांवर आणि रुग्णालयांवर पडणारा भार. दुसरं, जुन्या व्याख्येमुळे रोपणासाठी अवयव मिळवताना उठणारा वाद. म्हणजे ‘अवयव हवे होते म्हणून मरणाची व्याख्या बदलली’ हा आरोप अगदीच हवेतला नाही. त्याच ऑगस्टमध्ये जपानच्या सप्पोरोत एका डॉक्टरने हृदयरोपण केलं. दाता खरंच मेला होता का यावरून इतका गदारोळ झाला की जपानने पुढची तीस वर्षं ब्रेन डेड दात्याचं हृदय काढलं नाही. अ‍ॅलन शूमन नावाचे अमेरिकन मेंदूतज्ज्ञ आधी या कल्पनेच्या बाजूचे होते. १९९८ मध्ये त्यांनीच, ब्रेन डेड ठरल्यावरही ज्यांची शरीरं मशीनवर आठवडे, महिने चालत राहिली अशा रुग्णांच्या नोंदी छापल्या आणि विचारलं, याला मृत्यू म्हणावं का?

तेव्हा दिरांचा प्रश्न अडाण्याचा नाही. मोठमोठी माणसं त्यावर पन्नास-पंचावन्न वर्षं भांडतायत. मात्र भांडण ‘याला मृत्यू म्हणावं का’ यावर आहे. नीट तपासणी होऊन ब्रेन डेड ठरलेला माणूस शुद्धीवर येऊन घरच्यांशी बोलू लागला, असं शूमनसुद्धा म्हणत नाहीत. मी माझ्यापुरतं ठरवलंय. पुन्हा जागं होण्याची शक्यता आणि स्वतः श्वास घ्यायची ताकद, दोन्ही कायमची गेली की माणूस गेला. मागे उरतं ते त्याचं शरीर, आणि ते शरीर आपण चालवत असतो. तुम्ही वेगळं मानू शकता. पण त्यांना दुखलं का, हा तुमचा खरा प्रश्न असेल तर त्याचं उत्तर त्या वादावर अवलंबून नाही. दुखणं जिथे पोचतं ती जागा उरली नव्हती.

मग भूल कशाला? भाच्याचं बरोबर आहे, भूलतज्ज्ञ असतो. रक्तदाब आणि प्राणवायू शेवटपर्यंत टिकवणं हे त्याचं मुख्य काम, नाहीतर अवयव खराब होतात. शिवाय तो मज्जारज्जू, ज्याने अंगठा हलवला, ऑपरेशनलाही उत्तर देतो. स्नायू आवळतात, रक्तदाब उसळतो. म्हणून स्नायू सैल करायचं औषध देतात, काही जण भुलीचा वायूही देतात. तो द्यावा की नाही यावर भूलतज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत. २००० साली ब्रिटनमधल्या त्यांच्या मासिकात दोघांनी लिहिलं होतं की द्यावा, आणि त्यावर मोठी वादावादी झाली. दिला असेल तर तो कबुलीजबाब मानू नका.

अवयवांसाठी घाई केली का, ही शंकाही मनात येत असेल. आपला अवयवरोपण कायदा १९९४ चा, सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. ब्रेन डेड ठरवायला चार डॉक्टर लागतात. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, सरकारमान्य यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूचा डॉक्टर आणि उपचार करणारा डॉक्टर. रोपण करणाऱ्या चमूतला कुणी त्यांत चालत नाही. आणि अवयवदानाबद्दल विचारणं हे २०११ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाचं कर्तव्य आहे, त्या बाई लालचीने आल्या नव्हत्या.

पण त्या सातला आल्या. ते चुकलं. दुसरी तपासणी व्हायची होती. आधी डॉक्टरांनी ‘गेले’ असं स्पष्ट सांगायचं, घरच्यांना ते गिळायला वेळ द्यायचा, मग कुणीतरी विचारायचं, असा आमच्या कामातला रिवाज आहे. तो मीही मोडलाय. एका मुलाच्या वडिलांकडे मी दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात गेले होते, कारण रात्री माझी ड्युटी संपत होती. ते म्हणाले, “बाई, तो अजून गेला नाही ना? मग तुम्ही कुणाचं मागताय?” त्यांनी नकार दिला आणि मला तो पटला. तुम्हाला आज जे वाटतंय की सहीमुळे ते गेले, त्याची मुळं त्या सात वाजताच्या भेटीत आहेत. सही आणि मृत्यू एकाच संध्याकाळी, एकात एक गुंतून तुमच्या पुढ्यात आले. प्रत्यक्षात तुम्ही नाही म्हणाला असतात तरी पावणेबाराची तपासणी व्हायचीच होती.

या गुंत्यात कायद्याचीही भर आहे. मेंदूस्तंभाच्या मृत्यूला मृत्यू म्हणणारी व्याख्या अवयवरोपणाच्या कायद्यात आहे. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मेंदूस्तंभाचा उल्लेख नाही. त्यामुळे घरच्यांनी दान नाकारलं तर पुष्कळ डॉक्टर मशीन बंद करायला कचरतात आणि हृदय थांबेपर्यंत वाट बघतात. लोकांच्या डोळ्यांना काय दिसतं? हो म्हटलं तर मेला, नाही म्हटलं तर जिवंत. दिरांनी हेच तुमच्या तोंडावर फेकलं. केरळने २०२० मध्ये दानाचा विषय असो-नसो, ब्रेन डेड कसं ठरवायचं याच्या स्वतंत्र सूचना काढल्या. सगळीकडे तसं व्हायला हवं, निदान बायकांना सासरी अशी बोलणी बसणार नाहीत.

बिलाचं एक वाक्य. संमतीनंतर मशीन, औषधं, ऑपरेशन यांचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकायचा नसतो. बुधवारचे पैसे लावले असतील तर परत मागा.

चूक झाली का, असं तुम्ही विचारलंय. अवयवदानाच्या प्रत्येक पत्रकावर दधीची ऋषी असतात, म्हणून मी त्यांचं नाव कधी घेत नाही. दधीचींनी आपली हाडं आपण दिली. तुम्हाला दुसऱ्याच्या वतीने हो म्हणावं लागलं, रात्री बारा वाजता, चार दिवसांच्या जागरणानंतर. हे काम ऋषींच्या कामापेक्षा अवघड आहे. मिस्टर याबद्दल कधी काही बोलले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बोलले असतील तर ते दिरांना सांगा. नसतील बोलले, तर तुम्ही त्यांना वीस-बावीस वर्षं ओळखत होतात, तेवढ्या आधारावर ठरवलंत. याहून जास्त आधार कुणाकडेच नसतो.

एक मात्र राहून गेलं, आणि मला वाटतं घरातली आग तिथून आहे. सासूबाईंना कुणी विचारलं नाही. कायद्याने तुमची सही पुरेशी होती. पण त्या गावी होत्या, फोन होता, आणि त्यांना बहुतेक सगळं झाल्यावरच कळलं असेल. आपलं पोर आपल्याला न विचारता दिलं गेलं हे त्या कसं बोलणार? म्हणून त्या तिथी बोलतात. त्यांना एकादशी हवी आहे. चार माळकऱ्यांत सांगता येतं की पोर एकादशीला गेलं, वैकुंठाला गेलं. एवढं एकच बरं त्यांच्या वाट्याला आलंय. आणि तुम्हाला ती एकादशी देता येत नाही असं वाटतं, कारण बुधवार कबूल केला तर ते जिवंत असताना तुम्ही आत पाठवले असं होतं. दोघींचंही मला पटतं.

एक दिवस दीर घरात नसताना त्यांच्याजवळ बसा. समजावायला जाऊ नका, अंगठा आणि मज्जारज्जू तर नकोच. ‘आई, तेव्हा तुम्हाला विचारायचं राहिलं’ एवढंच म्हणा. त्या रडतील, कदाचित चार वाईट शब्द बोलतील. बोलू द्या. त्यांच्या पोराचं काय काय कुणाकुणाला गेलं हे विचारलं तर माहीत असेल तेवढं सांगा. माणसांची नावं तुम्हाला सांगत नाहीत आणि ते योग्यच आहे, पण कुठले अवयव दिले हे तुमच्या कागदावर आहे.

तिथीचं शास्त्र माझं नाही. मृत्यूच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती धरतात एवढं ठाऊक आहे, आणि तो क्षण तुमच्याकडे कागदावर आहे, मंगळवारी रात्री पावणेबारा. पण तिथी वाराबरोबर बदलत नाही, म्हणून त्या वेळी दशमीच चालू होती की एकादशी लागली होती, ते त्या वर्षीच्या पंचांगात बघून घ्या. एकादशी निघाली तर वादच मिटला. दशमी निघाली तर वर्षश्राद्ध दशमीला करा. दुसऱ्या दिवशी एकादशी आहेच, सासूबाईंचा उपास आहे, घरात भजन असेल. त्या दिवशी त्यांनी पोराच्या नावाने पंढरीची ओवी म्हटली किंवा कुणाला ‘आज त्याची एकादशी’ म्हटलं, तर तुम्ही दुरुस्त करायला जाऊ नका. चतुर्दशीचं बोलणं मात्र दिरांना एकदा स्पष्ट बंद करायला सांगा, तुमच्या मुलासमोर तर नक्कीच. मुलगा त्या रात्री तिथे होता. तो काय धरून बसलाय, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. विचारा त्याला.

आणि एक कागद मागवून घ्या. चार डॉक्टरांच्या सह्यांचा ब्रेन डेडचा दाखला असतो, त्याला फॉर्म १० म्हणतात. दोन्ही तपासण्यांची तारीख आणि वेळ त्यावर लिहिलेली असते. हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात पत्नी म्हणून लेखी अर्ज करा, आधार आणि मृत्यूचा दाखला जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मागितल्यापासून बहात्तर तासांत कागद द्यायचे असा नियम आहे, प्रत्यक्षात एखादी खेप जास्त होईल. मिळाला की सांगलीतल्याच एखाद्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, ज्यांचा त्या हॉस्पिटलशी संबंध नाही, आणि दिरांना सोबत न्या. प्रश्न त्यांनाच विचारू द्या. अर्ज घेतला नाही किंवा टोलवाटोलवी केली तर मला परत लिहा, अर्जाचा मजकूर मी करून देईन.